जंगालाखालचं नाव

पहाटे साडेपाच

श्रावणात माझा दिवस डब्यांपासून सुरू होतो. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याकडून अजान ऐकू आली की मी उठतो. आमच्या मंगरूळच्या नावातला ‘पीर’ त्यांचाच. पाऊस पत्र्यावरून नुसता ठिबकत असतो आणि हवेला ओल्या घोंगडीचा वास असतो. चहाच्या आधी मागच्या खोलीत जातो, आठही हवाबंद डबे एकेक करून दिव्यासमोर धरतो. आत सिलिका जेलच्या पुड्या आहेत. खडे निळे दिसले तर रात्र बरी गेली. गुलाबी झाले असतील तर आत ओल शिरली.

आज दोन डब्यांतले खडे गुलाबी.

या कामासाठी वेगळी शेगडी आणि एक जुना तवा ठेवलाय. त्याला स्वयंपाकघरात यायची परवानगी नाही, कारण खड्यांना निळा रंग देणारा कोबाल्टचा क्षार पोटात जाण्यासारखा नाही. मंद आचेवर खडे हळूहळू निळे होतात. तेवढा वेळ मी तिथंच उभा असतो. पावसाळ्यात हे काम चुकवून चालत नाही. उन्हाळ्यात आमच्या भागातली हवा इतकी कोरडी असते की नाणी उघड्या ताटलीत ठेवली तरी महिनाभर ढिम्म राहतात. पहिला मृगाचा पाऊस पडला की त्यांतलं झोपलेलं दुखणं जागं होतं.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं एक पत्र्याची पेटी माझ्याकडे सोपवली. पेटीत दोनशे अकरा नाणी. कुणी दिली, कोणत्या शिवारात सापडली, कधी आली, याची एकही चिठ्ठी नाही. मातीसकट एकमेकांना चिकटलेली, हिरवी, पांढरी, काळी. विभागप्रमुख म्हणाले, “सर, जेवढी वाचतील तेवढी वाचवा.” त्यांच्या मनात ‘वाचणे’चा कोणता अर्थ होता ते मी विचारलं नाही. माझ्यापुरते दोन्ही अर्थ एकच आहेत.

दोन वर्षांत त्रेसष्ट झाली. आज चौसष्टावं.

सात

काम सुरू करण्याआधी जुन्या रुग्णांची फेरी. स्वच्छ करून, सुकवून, पाकिटात घातलेली नाणी भिंगाखाली एक एक पाहायची. शोधायचं ते फक्त एक: फिकट, पोपटी रंगाची, टाचणीच्या टोकाएवढी भुकटी. नखानं सहज उडते. जुन्या तांब्यावरचा गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर ही वेगळी गोष्ट आहे. ते नाण्याचं कातडं आहे, त्याला हात लावायचा नाही. ही भुकटी मात्र आतून येते.

मातीत मीठ असतं. त्यातलं क्लोराइड तांब्याशी जुळून नाण्याच्या पोटात, अगदी धातूला लागून, क्युप्रस क्लोराइडचा थर करून बसतं. कोरडं असेल तोवर ते शांत. ओल आणि हवा एकत्र पोचली की त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं, पुन्हा ओल, पुन्हा आम्ल. हे चक्र धातू संपेपर्यंत थांबत नाही. संग्रहालयवाले याला कांस्यरोग म्हणतात. हवेतली आर्द्रता साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर रोग झोपलेला राहतो. श्रावणातल्या मंगरूळपीरात चाळीस टक्के! म्हणून ते डबे, म्हणून तो तवा.

आज सतराव्या नाण्याच्या कडेला दोन ठिपके सापडले. एप्रिलमध्ये मी त्याच्या पाकिटावर ‘बरं’ असं लिहिलं होतं. खोडलं. नाणं परत पाण्यात जाणार.

साडेआठ

पाणी हा या कामातला सर्वांत मोठा भाग आहे आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात नाणं धुणं म्हणजे मातीचा चुना काढून बोअरचा चुना लावणं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणतो. तेही नावाला डिस्टिल्ड असू शकतं. प्रत्येक कॅनमधलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. पाणी दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड आहे, कॅन परत. दुकानदाराला सवय झाली आहे. तो आता विचारत नाही.

खिडकीजवळ काचेच्या बारा वाट्या मांडलेल्या आहेत. सात वाट्यांत सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्के द्रावण, त्यात रोगट नाणी. हे द्रावण घाई करत नाही. आतलं क्लोराइड बाहेर यायला आठवडे लागतात, कधी महिने. दर आठवड्याला द्रावण बदलायचं आणि जुन्यात क्लोराइड किती उतरलं ते पाहायचं. इथं मी सुरुवातीला एक चूक केली होती. सिल्व्हर नायट्रेट सरळ टाकत होतो आणि दर वेळी साका येत होता. वाटायचं, किती मीठ आहे या नाण्यात! कार्बोनेटसुद्धा चांदीशी साका देतं, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवत आलो होतो. आधी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून बुडबुडे थांबू द्यायचे, मगच चांदी. फळ्यावर बरोबर होतो, वाटीपाशी चुकलो.

आज तिसऱ्या वाटीतलं पाणी पहिल्यांदा नितळ राहिलं. अकरा आठवड्यांनी. ते नाणं उद्यापासून साध्या शुद्ध पाण्यात.

उरलेल्या पाच वाट्यांपैकी एकीत शिशाची नाणी आहेत. सातवाहनांनी शिशाची नाणी पुष्कळ पाडली आणि शिशाचा शत्रू निराळा. पेटीत येण्यापूर्वी ही नाणी बहुधा लाकडी खणात होती. लाकडातून सिरक्यासारखी आम्लाची वाफ सुटते, फार थोडी, पण वर्षानुवर्षं. शिसं तिला जुमानत नाही असं वाटतं आणि मग एके दिवशी ते पांढऱ्या पिठात बदललेलं असतं. यातली चार मी उघडली तेव्हा आत धातूच नव्हता. पिठाची चकती, तिच्यावर अस्पष्ट हत्ती. फुंकर मारली असती तर गेला असता. त्यांना मी धुतलं नाही, फक्त फोटो काढले.

दहा

चौसष्टावं नाणं.

वजन दोन पूर्णांक अडतीस शतांश ग्रॅम. व्यास साधारण दीड सेंटीमीटर, हरभऱ्याच्या चपट्या डाळीसारखं, एका कडेला किंचित तुटलेलं. आधी चारही बाजूंनी फोटो. वहीत रंग लिहायचे: वर करडी माती, तिच्यात चुनखडीचे कण, मातीखाली हिरवा थर, तुटलेल्या कडेला विटकरी लाल, त्याच्या आत चकाकता पिवळट करडा धातू. एवढ्याशा कडेत नाण्याचं सगळं चरित्र आहे. लाल थर क्युप्राइट, हिरवा मॅलाकाइट. धातू पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण.

आमची काळी माती नाण्यांना कठीण जाते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि हवा थेट खाली जाते. पावसाळ्यात ती फुगते, भेगा मिटतात, पाणी कोंडलं जातं. वर्षाला एकदा हवा, एकदा पाणी. असे अठराशे पावसाळे. त्यात मातीतला चुना पाण्यात विरघळून नाण्यावर दगडासारखा बसतो. कोकणातल्या लाल मातीतलं तांबं वेगळं दिसतं, आपलं वेगळं.

हत्यारं साधी आहेत. दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक, पोटीनपेक्षा मऊ अशा गोष्टी टोकदार करून, आणि अल्कोहोल मिसळलेलं पाणी. मी बांबूच्या काड्या वापरतो आणि बाभळीचे काटे. काटा धातूला ओरखडा काढत नाही, पण ओल्या चुनखडीखाली शिरतो. वाळलेला पांढरा काटा सर्वांत चांगला, हिरवा वाकतो. पोलादी सुरी फक्त जाड खड्यांसाठी, तीही पृष्ठभागापासून लांब.

थेंब सोडायचा, मिनिटभर थांबायचं, काट्यानं एक कण उचलायचा, कापसाच्या बोळ्यानं टिपायचा. थेंब, थांबा, कण, बोळा. पहिल्या तासात गव्हाच्या दाण्याएवढा भाग मोकळा होतो.

आज खालची बाजू आधी निघाली. चार वर्तुळं, मध्ये त्यांना जोडणारा क्रूस. याला उज्जैन चिन्ह म्हणतात. पश्चिम भारतात आणि दख्खनमध्ये ते सापडलं की मनात पहिलं नाव सातवाहनांचं येतं. म्हणजे वरच्या बाजूला सोंड उंचावलेला हत्ती असणार आणि त्याच्या डोक्यावरून, कडेला लागून, ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव. ‘रञो सिरि’, मग नाव, मग ‘सातकणिस’. श्रीसातकर्णी राजाचं. पण नाणं लहान, ठसा मोठा, त्यामुळे पूर्ण ओळ एका नाण्यावर क्वचितच उतरते. कुठं ‘सिरि’ आहे, कुठं फक्त ‘कणिस’, कुठं नावाचं नेमकं पहिलं अक्षर कडेच्या बाहेर.

मी हे सगळं का करतो याचं उत्तर आमच्याच तालुक्यात आहे.

तऱ्हाळा हे गाव मंगरूळपीर तालुक्यातलं. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. तिथं १९३९ साली पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला, दीड हजारांच्या घरातला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो तपासला आणि १९४० साली न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या जर्नलमध्ये त्यावर लिहिलं. मिराशी मूळचे संस्कृतचे प्राध्यापक, ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात हयात घालवलेला माणूस. त्याच १९३९ साली वाशिमचा वाकाटक ताम्रपटही उजेडात आला. ताम्रपटाची अक्षरं खोल कोरलेली असतात, पत्रा जाड असतो, तो मातीत बराच तग धरतो. पोटीनच्या नाण्यावरचं अक्षर कागदाच्या जाडीएवढं उंच असलं तरी खूप.

तरीही त्या नाण्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही पोथीत नव्हतं. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावं पुराणांच्या याद्यांत होती. विजय हे नावही होतं, पण यादीतलं नाव म्हणजे राजा खरोखर झाला असं नाही; तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी विजय सातकर्णीला हात लावता येईल असा पुरावा दिला. आणि त्याच साठ्यात निघाले कर्ण सातकर्णी, कुंभ सातकर्णी, शक सातकर्णी. हे तीन राजे पुराणांना ठाऊक नाहीत. त्यांचं राज्य किती वर्षं, कोण कुणाच्या आधी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण ते होते. ते होते हे आपल्याला माहीत आहे, कारण आमच्या तालुक्यातल्या मातीतून निघालेल्या त्या चकत्या एखाद्या तांबटाच्या मुशीत गेल्या नाहीत आणि कुणी त्या लख्ख घासल्या नाहीत.

माझ्या पेटीतली नाणी त्याच जातीची आहेत. ती कुठून आली ते कधीच कळणार नाही. म्हणूनच नाण्यावर जे आहे त्यापलीकडे मला कशाचाच आधार नाही.

साडेबारा

फाटक वाजलं. चिखलानं भरलेले पाय अंगणातल्या नळावर धुऊन एक तरुण शेतकरी पडवीत उभा राहिला. बापाला मी शिकवलं होतं म्हणाला. खिशातून रुमालाची गाठ काढली.

“सर, वावरात डवरनी चालू होती, तं हे निंगालं.”

रुमालात नऊ नाणी. आठ मातीनं भरलेली, नववं तांबूस, चकचकीत, कोरं.

“हे एक घासून पायलं. चिच अन् राख. सोन्याचं हाय का काय म्हनून.”

मी भिंगाखाली धरलं. काहीच नव्हतं. एका बाजूला फुगवटा, तो हत्तीची पाठ असू शकतो.

“काहून सर, चुकलं काय?”

“तुले कोनी सांगतलं नव्हतं ना. पन बाकीच्याइले आता हात लावू नोको. पानी बी नोको लावू. माती तशीच राहू दे.”

मग त्याला कायदा सांगितला. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, किती, कुठं, कधी. लपवलं तर गुन्हा. त्याचा चेहरा उतरला.

“म्हंजे सरकार घेऊन जाईन अन् आमाले काईच नाई?”

तसं नाही. चौकशीत दुसरा कुणी धनी निघाला नाही तर शोधणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि तिच्यावर पाचवा हिस्सा अधिक, एवढे पैसे सरकारनं द्यायचे. पोटीनच्या आठ चकत्यांच्या धातूची किंमत फार होणार नाही, हेही मी लपवलं नाही. त्याला तेवढं खरं बोलणं पुरलं असावं, कारण तो बसला आणि चहा घेतला.

मी त्याच्याकडून जे विचारून घेतलं ते माझ्या दोनशे अकरा नाण्यांपैकी एकाबद्दलही मला ठाऊक नाही. गट नंबर. बांधापासून किती पावलं. किती खोल. एकत्र होती की पसरलेली. सोबत खापरं होती का? होती, लाल, काठाला जाड. “ती फेकून देल्ली.” कुठं? बांधावर. “आज जाऊन गोळा कर, एका थैलीत ठेव.” हे सगळं एका कागदावर त्याच्याकडूनच लिहून घेतलं, खाली सही आणि तारीख. आठ नाणी वेगवेगळ्या कागदी पुड्यांत, प्लास्टिक नको, ओल कोंडते. उद्या सकाळी मी त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात जाणार आहे. एकटा गेला असता तर बहुधा गेलाच नसता.

घासलेलं नाणं तो देऊन टाकायला निघाला होता. म्हटलं, तेही बरोबर ने. ते त्याच वावरातलं आहे.

अडीच

जेवून बसलो आणि लाइन गेली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद. ढगाळ उजेडात काम करण्याचा हट्ट मी करत नाही.

टेबलाच्या खणात एक पाकीट आहे, त्यावर आकडा ‘०’. आत एक तांबूस चकती. मी अकरावीत असताना आजीच्या फडताळात हिरवं पडलेलं एक नाणं सापडलं होतं, आजोबांना वावरात मिळालेलं. त्यावर सोंड दिसत होती आणि वर बारीक खुणा, मला वाटलं नक्षी असेल. घरात तांब्याचे गडवे चिंचेनं घासायची पद्धत. मी रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलं आणि सकाळी राखुंडीनं घासलं. सोन्यासारखं निघालं. आजी खूश झाली. सोंड गेली होती, खुणाही.

पुढं संवर्धनाची पुस्तकं वाचताना एक गोष्ट कळली आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तांब्यावरचं जंगाल काढायला प्रयोगशाळेत रोशेल सॉल्ट वापरतात, सोडियम पोटॅशियम टार्टरेट. टार्टरिक आम्लाचाच तो क्षार. आणि चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा. म्हणजे घरोघरच्या बायका जे रसायन वापरत होत्या तेच, फक्त प्रयोगशाळेत ते अल्कधर्मी करून, मोजून, भिंगाखाली, थेंबाथेंबानं वापरतात, जेणेकरून ते हिरव्याला धरेल आणि धातूला सोडून देईल. चिंच दोघांत फरक करत नाही. गडव्याला त्याची गरजही नसते. गडव्यावर काही लिहिलेलं नसतं.

पण खरी गोष्ट आणखी पुढची आहे आणि ती मला नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत एका कार्यशाळेत पहिल्यांदा नीट समजली. जमिनीत नाण्यातलं तांबं हळूहळू बाहेर सरकतं आणि वर हिरवा थर होऊन बसतं. कथिलाचं ऑक्साइड मात्र जागा फारशी सोडत नाही. त्यामुळे नाणं पाडलं त्या दिवशी त्याचा पृष्ठभाग जिथं होता, ती रेषा आता धातूवर नसते. ती जंगालाच्या आत असते. अक्षराच्या खाली धातू उरलेलाच नसतो. अक्षर म्हणजे जंगालातच शिल्लक राहिलेला एक उंचवटा. सगळं हिरवं काढून ‘खरा धातू’ गाठायला गेलं की अक्षरं त्या हिरव्याबरोबरच वाटीत जातात. आजीच्या नाण्याच्या बाबतीत चिंचेनं घाण खाल्ली नव्हती, नावच खाल्लं होतं.

म्हणून साफ करणे हा शब्दच मला आताशा नको वाटतो. मी वरची माती उचलतो, चुना उचलतो, सैल हिरवा भाग उचलतो आणि त्या रेषेपाशी पोचलो की हात मागे घेतो. रेषा कुठं आहे हे रंगावरून थोडं, काट्याला लागणाऱ्या कठीणपणावरून थोडं कळतं. पुष्कळदा कळत नाही.

लाइन चारला आली.

सव्वाचार

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आठवड्यातून तीन दिवस येते. तिची नजर माझ्यापेक्षा धारदार आहे आणि तिला ब्राह्मी माझ्याआधी आली. आल्याबरोबर ती सतराव्याच्या पाकिटावरचं खोडलेलं ‘बरं’ बघते आणि काही न बोलता वाटीत नवं द्रावण ओतायला लागते.

चौसष्टाव्याची वरची बाजू तिनं हातात घेतली. तासाभरात हत्तीचा पुढचा पाय, छाती, मग उचललेली सोंड. ती थांबली.

“सर, इकडे पाहा. अक्षर आहे.”

सोंडेच्या टोकाच्या वर, कडेपासून केसभर आत, एक अधिकचं चिन्ह. ब्राह्मीत तो ‘क’.

आमचे दोघांचे श्वास एकदम अडकले, कारण ‘क’ काहीही असू शकतो. ‘सातकणि’मधलाच ‘क’ असेल तर राजा कोण हे कळणार नाही. पण त्याच्या आधी थोडी मोकळी जागा आहे आणि तिथं ‘र’सारखं, म्हणजे उभ्या रेघेसारखं काहीतरी संपताना दिसतंय. ते ‘सिरि’चा शेवट असेल, तर हा ‘क’ राजाच्या नावाचं पहिलं अक्षर. आणि मग दोनच शक्यता उरतात. ‘कण’, म्हणजे कर्ण सातकर्णी. किंवा ‘कुभ’, म्हणजे कुंभ.

‘क’ आणि ‘कु’ यांच्यात ब्राह्मीत फरक एवढाच: क्रूसाच्या उभ्या रेघेच्या पायाशी उजवीकडे जाणारी एक आखूड आडवी रेघ. ती असली तर कुंभ. नसली तर कर्ण. पुढचं अक्षर बघून ठरवता आलं असतं, पण नाणं तिथंच तुटलं आहे.

पायाशी हिरव्याचा एक गोळा आहे. खसखशीच्या दाण्याएवढा.

सहा

आम्ही त्या दाण्याकडे दीड तास बघितलं.

चाळीस पटीत तो दाणा टेकडीसारखा दिसतो. डावा उतार गडद आणि काचेसारखा, उजवा उतार जरा फिकट, भुसभुशीत वाटणारा. भुसभुशीत भाग वरचा असेल तर तो काढल्यावर खाली आडवी रेघ सापडेल, किंवा सपाट जमीन सापडेल; दोन्हींपैकी काहीही मिळालं तरी उत्तर मिळालं. पण ती आडवी रेघच फुगून तो उतार झाला असेल, तर काटा लावताच रेघ जाईल, खाली सपाट जमीन दिसेल, आणि आम्ही मोठ्या खात्रीनं वहीत ‘कर्ण’ लिहू. चुकीचा राजा आम्हीच तयार केलेला असेल. तो मला वाटीत वाहून गेलेल्या नावाहून वाईट वाटतो.

तिला काढून बघायचं होतं. तिनं एक नवा काटा टोकून तयारही ठेवला होता. “सर, अल्कोहोलचा एकच थेंब. सैल असेल तर आपोआप निघेल.” तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी तिच्या वयाचा असताना तिच्याहून कमी विचार करून रात्रभर चिंचेत बुडवलं होतं.

थेंब सोडला. मिनिट, दोन मिनिटं. थेंब वाळला. दाणा तिथंच.

मग आम्ही तिरप्या उजेडाचे फोटो काढले. विजेरी आडवी धरून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, वरून, खालून. उजेड फिरला की सावल्या फिरतात आणि कधी कधी सावली अक्षर दाखवते. सोळा फोटो. एकात आडव्या रेघेची शंका येते. तीनांत येत नाही. एक्स-रे काढता आला तर दाट काय आणि विरळ काय ते कळलं असतं. तशी सोय मोठ्या प्रयोगशाळांत असते. एका नाण्यासाठी नाही, पण अशी दहा-बारा साठली की मी त्यांना लिहिणार आहे. आतापर्यंत चार साठली आहेत.

ती गेली तेव्हा पाऊस थांबला होता. जाताना म्हणाली, “सर, मला वाटतं कुंभच आहे.” मलाही तसंच वाटतं. वाटणं वहीत लिहायचं नाही, हे तिला मीच सांगितलेलं.

नऊ

नाणं शुद्ध पाण्यातून, मग अल्कोहोलमधून काढून दिव्याखाली तासभर सुकवलं. हातमोजे घालून बेंझोट्रायाझोलचं तीन टक्के द्रावण, खिडक्या उघड्या ठेवून. हे रसायन तांब्याला जपतं पण माणसाला नाही. नाणं त्यात रात्रभर राहील. उद्या तहसीलमधून आल्यावर पॅरालॉइडचा पातळ हात. तो ॲसिटोननं केव्हाही परत काढता येतो, आणि म्हणूनच मी तो वापरतो.

द्रावणात सोडण्याआधी वजन केलं. दोन पूर्णांक एकोणीस. एकोणीस शतांश ग्रॅम माती आणि चुना मी आज उचलला. तो फेकत नाही, त्याचीही पुडी करून त्याच पाकिटात ठेवतो. ती माती आपल्या कोणत्या शिवाराची, हे पुढं कुणाला तरी ओळखता येईल.

निळे झालेले खडे पुड्यांत भरले, डबे बंद केले. आजीच्या नाण्याचं पाकीट खणात परत. मग चौसष्टाव्याच्या पाकिटावर लिहिलं:

‘पोटीन. सातवाहन. हत्ती उजवीकडे, सोंड वर. मागे उज्जैन चिन्ह. लेख: …[रि] क… पायाशी हिरवं पुट. काढलेलं नाही.’

शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि तारीख घातली.